नानांनी न मागितलेली तिसरी माफी

मी आधीच सांगून टाकतो, माझं डोकं लवकर तापतं. घरात, गल्लीत, स्टँडवर, सगळीकडे माझी तीच ख्याती. बायको तर पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते, "यांच्या नाकावर राग असतो हो, मनावर घेऊ नका." असू द्या. पण उभ्या जन्मात या रागाचा एकदाच कुणाला तरी उपयोग झाला, आणि तो माणूस म्हणजे आमचे काटेवाले नाना. म्हणून सांगायला बसलो.

मी धनसिंग गिरासे, धुळ्यात तीनचाकी टेम्पो चालवतो. नानांचं खरं नाव एलियाझर अष्टमकर. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानासमोर एक कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत सव्वीस वर्षं माझा टेम्पो. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. त्यांचं काम बघायचं, फुकटचा चहा प्यायचा आणि जगाला शिव्या द्यायच्या, असा माझा कार्यक्रम.

गल्लीला पहिली दहा वर्षं हा माणूस कोण, हेच कळलं नव्हतं. आडनाव कोकणातलं, पहिलं नाव ऐकलं तर वाटायचं ख्रिश्चन, आणि शनिवारी दुकान कडेकोट बंद. शेवटी आमच्या हिनेच निकाल लावला, की नाना शनीचे भक्त आहेत. एका शनिवारी ती त्यांच्या दारात तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ घेऊन उभी राहिली! नाना इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाले, "वहिनी, फार चुकला नाहीत. आमच्या आज्या-पणज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. आम्ही यहुदी. बेने इस्राएल." हिने ती वाटी तरीही तिथेच ठेवली. तेल परत न्यायचं नसतं म्हणे.

त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते. नाना काट्यांचं काम शिकले आणि धुळ्यात दुकान टाकलं. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, मुलगी एस्तरसुद्धा लग्न करून अश्दोदला गेली. त्यांच्या पत्नी दिनाकाकू वारल्यावर नाना एकटेच राहिले. धुळे जिल्ह्यात त्यांच्या धर्माचं दुसरं घर असेल तर मला तरी माहीत नाही. देऊळ म्हणावं असं त्यांचं इथे काही नाही. पण या माणसाचा धर्म कुठे देवळात होता? तो होता त्यांच्या स्टुलावर, पकडीत आणि पान्यात.

त्यांच्यात सांगितलंय म्हणे, की घ्यायचं एक वजन आणि द्यायचं दुसरं, असं करणाऱ्याचं तोंड देव बघत नाही. नाना हे शब्दश: पाळायचे. एकदा एक भुसारवाला आला, गोड गोड बोलला, काटा जरा 'आपल्या बाजूने' बसवून द्या म्हणाला. नानांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "शेठ, माझ्याकडे दोघं तपासायला येतात. एक सरकारी इन्स्पेक्टर आणि एक देव. इन्स्पेक्टर कळवून येतो." शेठ पाणी अर्धं ठेवून उठला. मी असतो तर ते पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं असतं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दुकान बंद, कारण तिथून त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागायचा. घरी दोन दिवे लावायचे, पावावर हात ठेवून काहीतरी म्हणायचं, आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मी म्हणायचो, "नाना, शनिवार म्हणजे खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक, तुम्ही लक्ष्मीला लाथ मारता." ते म्हणायचे, "धनसिंग, देवाने एवढं जग केलं आणि सातव्या दिवशी हात झटकून बसला. मी काय त्याच्यापेक्षा मोठा कामाचा माणूस लागून गेलो?" हे ऐकून मी चिडायचो आणि उठून टेम्पोची काच पुसायला लागायचो.

आता मुख्य गोष्ट. कधी पितरपाटा, म्हणजे पितृपक्ष असतो, कधी नवरात्र, त्या सुमाराला त्यांचं नवं वर्ष लागतं. त्या दिवशी नाना चिकाचा हलवा करायचे. गहू भिजवून त्याचा चीक काढायचा, आपल्या बायका कुरडयांना काढतात तसाच, आणि तो नारळाच्या दुधात नि साखरेत तास-तासभर घोटायचा. त्यापासून दहाव्या दिवशी मोठा उपास. पाण्याचा थेंब नाही, पांढरे कपडे, दार लावून दिवसभर प्रार्थना. त्यांची जुनी माणसं त्याला दार झाकायचा सण म्हणत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दार उघडून सगळ्यांना भेटायचं, गोरगरिबाला द्यायचं.

पण त्या मधल्या दिवसांत नाना एक भलतंच करायचे. गल्लीत दारोदार जायचे आणि हात जोडून म्हणायचे, "वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल, बोलण्यात, वागण्यात, तर माफ करा." बाया लाजून पदर तोंडाला लावायच्या. मी चिडवायचो, "नाना, मार्चमध्ये तुम्ही मला बिनसाखरेचा चहा पाजला होता, त्याचं काय?" ते गंभीर होऊन आठवायचे. "मार्चमध्ये? हो, साखर संपली होती. माफ कर." अशा माणसाशी भांडणार तरी कसं!

मी एकदा विचारलं, "देवापुढे उपास करताच ना, मग ही दारोदार फेरी कशाला?" तेव्हा त्यांनी सांगितलं, "देवाशी वागताना काही चुकलं असेल तर देव उपासाने माफ करतो. पण माणसाशी चुकलं असेल तर ते देवाच्या हातात नाही. ज्याच्याशी चुकलं त्याच्याच दारात जावं लागतं." मी मान हलवली आणि विसरून गेलो. आपलं कसं, डोक्यात शिरायला डोकं रिकामं लागतं.

मग तो फेब्रुवारी आला. पाच वर्षं झाली त्याला. साक्रीकडच्या अंगणवाड्यांचे बारा लटकते काटे नानांकडे दुरुस्तीला आले. तुम्ही पाहिले असतील. वर आढ्याला अडकवायचा काटा, खाली झोळी, झोळीत पोर बसवायचं आणि वजन वाचायचं. वजनावरून पोराचं नाव रजिस्टरात हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात. लाल म्हणजे पोराला ताबडतोब दवाखान्यात हलवायचं. हा काटा शून्यावर आणायचा तो झोळी अडकवून आणायचा, नाहीतर झोळीचं वजन पोराच्या वजनात धरलं जातं.

शुक्रवार होता. अकरा काटे झाले होते. दिवस कलायला लागलेला, नाना सारखे बाहेर बघत होते, आणि मी मूर्ख बाकड्यावर बसून म्हणत होतो, "आटपा नाना, तुमचा सूर्य चालला." बारावा काटा त्यांनी घाईघाईत शून्यावर आणला. झोळी न अडकवता. तेवढंच झालं. दुकान वेळेत बंद झालं, घरी दिवे वेळेत लागले, आणि बारा काटे सोमवारी मीच माझ्या टेम्पोतून साक्रीला पोचवले.

जून लागला आणि तो बारावा काटा परत आला. सोबत चिठ्ठी होती, काटा तपासावा, वजन जास्त दाखवतो. नानांनी पाच किलोचं वजन अडकवलं, काट्याने पाच दाखवलं. मग झोळी लावून अडकवलं. पाच किलो चारशे ग्रॅम. नाना खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर. मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, "धनसिंग, हे काम मी केलंय. शब्बाथ पाळायच्या घाईत केलंय."

चौकशी केली तेव्हा कळलं. साक्रीच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या अंगणवाडीत रूपा नावाची मदतनीस. तिची स्वत:ची पोरगी समीक्षा, तेव्हा सव्वा वर्षाची. पोर लाल पट्ट्यातलं, पण काट्याने पिवळ्यात दाखवलं. दोन महिने. मग हगवण लागली, आणि साक्रीच्या डॉक्टरने आपल्या काट्यावर घातलं तेव्हा उजेड पडला. एकवीस दिवस दवाखान्यात होती. दोन दिवस तर डॉक्टरही काही सांगत नव्हते. पोर वाचली. नशीब म्हणा, देव म्हणा.

खरं सांगतो, कुणालाही काही कळलं नसतं. काटा नेण्या-आणण्यात बिघडला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? मीच तसं सुचवलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कानाला खडा लावला. म्हणाले, "गाडी काढ. तिच्याकडे जायचंय."

आषाढातला चिखल, शेवटचा मैलभर तर आम्ही टेम्पो सोडून पायी गेलो. रूपा बावीसेक वर्षांची असेल, काटकुळी, कडेवर पोर. पोरीचे डोळे तेवढे मोठे, बाकी सगळं अंग हाडांचं. नानांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. झोळी, शुक्रवार, घाई, काही लपवलं नाही. म्हणाले, "चूक माझी आहे. तुझ्या लेकराचा जीव जात होता. मला माफ कर."

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला वाटत होतं, द्याव्यात. ती म्हणाली, "मी तिले रोज उचलत व्हती. हलकी लागत व्हती. पन काट्यावर बरी दिसे, म्हनीसन मी गप ऱ्हायनी." रोज उचलताना पोर हलकं लागत होतं, आणि काटा बरं सांगतो म्हणून आई गप्प बसली होती. मग म्हणाली, "नही. मी माफ नही करनार. जा तुम्ही." आणि आत गेली.

त्याच वर्षी दार झाकायच्या सणाआधी नाना पुन्हा गेले. सोबत हलव्याचा डबा. रूपाने पाणी दिलं, तेवढी रीत पाळली. नानांनी दुसऱ्यांदा विचारलं. ती दुसऱ्यांदा "नही" म्हणाली, आणि डबा न उघडता नानांच्या हातात परत ठेवला. येताना पूर्ण रस्ताभर मी बडबडत होतो आणि नाना डबा मांडीवर धरून बसले होते. त्या वर्षीचा उपास सुटल्यावरही दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

एक मात्र बदललं. तेव्हापासून नाना शुक्रवारी दुपारी बारालाच दुकान बंद करायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "शब्बाथ म्हणजे थांबणं रे. मी थांबायच्या घाईत होतो. घाईघाईने थांबता येत नाही, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं."

पुढच्या वर्षी सण आला. मी टेम्पो धुऊन तयार. "चला नाना, एकदाचं विचारून टाका, काय व्हायचं ते होऊ दे." वाटेत नेरला चहाला थांबलो. तिथे नाना म्हणाले, "आज मी विचारणार नाहीये." माझा चहा हातातच राहिला. म्हटलं, "मग कशाला निघालो आपण? डोंगर बघायला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्यात असं आहे, की माफी तीनदा मागायची. मनापासून, समोर जाऊन. तिसऱ्यांदाही समोरचा नाही म्हणाला, तर मागणारा सुटला. आणि नाही म्हणणाऱ्याच्या माथी दोष लागला, की एवढं मागूनही याचं मन द्रवलं नाही.

"मग उत्तमच की!" मी म्हणालो. "आज विचारा. हो म्हणाली तर बरंच, नाही म्हणाली तरी तुम्ही सुटलात."

"मी सुटलो," नाना म्हणाले, "आणि ती अडकली. काटा मी बिघडवला, पोर तिचं मरता मरता वाचलं, आणि शेवटी दोष तिच्या पदरात टाकून मी मोकळा होऊन घरी येऊ? असली सुटका मला नको. दोनदा झालंय, ते दोनच राहू दे. जायचं, भेटायचं, यायचं. तिसऱ्यांदा विचारायचं नाही."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! अरे, शास्त्राने वाट ठेवलीय तर चाला ना त्या वाटेने. पण नाना ऐकतात का? चहा संपवला, पैसे दिले, आणि टेम्पोत जाऊन बसले.

आणि मग दरवर्षी तेच. नाना जायचे, अंगणवाडीचा काटा झोळी लावून तपासायचे, रूपाच्या ओट्यावर बसायचे, हलव्याचा डबा ठेवायचे. त्या वर्षी तिने डबा ठेवून घेतला. पुढच्या वर्षी चहा केला. नंतर भाकरी आणि मिरचीचा ठेचाही आला. समीक्षा तर नानांची दाढी ओढण्यापर्यंत गेली, आणि तो हलवा ती अशी खायची की डब्याला घासायची गरज उरू नये. रांगली, चालली, बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर जी सुटली ती थांबेचना. पण रूपाचा चेहरा आम्ही गेल्यापासून निघेपर्यंत ताठ असायचा. काहीतरी यायचंय आणि येत नाहीये, अशी ती नानांच्या तोंडाकडे बघत राहायची. नाना पावसापाण्याचं बोलायचे आणि उठायचे.

घरी मात्र त्यांचं बरं नव्हतं. उपासाच्या दिवशी दाराबाहेर मी उभा असायचो, एकटा म्हातारा माणूस, काही झालं तर? आतून प्रार्थनेचा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा. एकदा शिळ्या सणाला मी विचारलं, "काय मागता एवढं?" म्हणाले, "बाकी सगळं वाचून होतं रे. एका जागी येऊन अडतो. माणसांशी चुकलेलं मिटवून आलास का, असं तिथे विचारलेलं असतं. मला हो म्हणता येत नाही." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझा राग दुप्पट होतो, कुणावर काढायचा ते कळत नाही.

यंदा नानांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी उपास बंद सांगितला. नाना म्हणाले, आमचं शास्त्रही तेच सांगतं, जीव आधी. अश्दोदहून एस्तरचा फोन आला, दिवाळीनंतर न्यायला येते, आता एकटं राहायचं नाही. या खेपेला नाना हो म्हणाले. दुकान आवरायला घेतलं. म्हणजे त्या पाड्यावरची ही शेवटची फेरी. आता नाही तर कधीच नाही.

मी जाताना काही बोललो नाही. मनात म्हटलं, शेवटचं आहे, आज तरी विचारतील. डोंगर हिरवागार झालेला, बाजरी कणसांवर आलेली. रूपाने ओट्यावर गोधडी अंथरली. समीक्षा आता सहा वर्षांची, पहिलीत. तिने डबा आल्याबरोबर ताब्यात घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. नानांनी चहा घेतला आणि म्हणाले, "रूपा, पुढल्या साली माझं येणं होणार नाही. मुलीकडे चाललो, कायमचा."

रूपा हातातली कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. नाना गुडघ्यावर हात देऊन उठले. "बरं, येतो," म्हणाले. आणि चपला घालायला लागले!

माझा तोल गेला. "बसा खाली!" मी ओरडलो. नानांवर मी सव्वीस वर्षांत कधी ओरडलो नव्हतो. "कुठे चाललात? असेच जाणार? तिकडे मरताना ही खुंटी छातीत घेऊन मरणार?"

"धनसिंग, गप," नाना म्हणाले.

"नाही गप बसत! चार वर्षं गप्प बसलो." मी रूपाकडे वळलो. "पोरी, ऐक. यांच्या धर्मात तीनदा माफी मागतात. तीनदा! तिसऱ्यांदा तू नाही म्हणालीस की हे सुटले, आणि दोष तुझ्या माथ्यावर. म्हणून हे विचारत नाहीत. तुला दोष लागू नये म्हणून स्वत: कुढत बसलेत. दर सणाला दार लावून रडतात. मी बाहेर उभा राहून ऐकलंय. आता तुम्ही दोघं काय ते बघा, मी थकलो!"

नाना मटकन बसले. मला आता वाटत होतं, जीभ छाटून टाकावी. रूपाने कपबशी खाली ठेवली.

मग ती म्हणाली, "मन्हासाठी इचारत नव्हता तुम्ही?" तिचा आवाज बारीक झाला होता. "आन मी दर साल वाट दखत व्हती. आज इचारतीन, आज इचारतीन. माले वाटे, नाना इसरी गयात." ती दरवर्षी वाट बघत होती, आणि तिला वाटत होतं नाना विसरून गेले. ती नानांच्या समोर येऊन बसली. "इचारा आते."

नानांनी हात जोडले. "रूपा, माझ्या चुकीने तुझं लेकरू मरणाच्या दारात गेलं. मला माफ कर."

"तुमले त कव्हयच माफ करेल शे, नाना," रूपा म्हणाली. "ती रांगाले लागनी, तवयच." नानांना तिने केव्हाच, पोर रांगायला लागली तेव्हाच माफ केलं होतं! मी 'हुश्श' म्हणणार होतो, तेवढ्यात ती रडायला लागली. अंग हलवून, आवाज न करता. "मन्हं माले माफ होत नही. काट्याले काय डोया व्हतात? माले व्हतात ना. मी माय शे तिनी. माले दिसत व्हतं."

आता मला कळलं, ती पहिल्या दिवशी कुणाला नाही म्हणाली होती. काट्याला डोळे नव्हते, आईला होते. पाच वर्षं रूपा स्वत:लाच दारात उभी करून परत पाठवत होती. मला स्वत:ची इतकी लाज वाटली. मी तिला मनातल्या मनात कठोर म्हणत आलो होतो.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "याची माफी माझ्याकडे नाही. देवाकडेही नाही. जिच्याकडे आहे, तिच्याकडे जा."

आम्ही तिघांनीही कोपऱ्यात बघितलं. समीक्षा डबा चाटायचा थांबून, मोठे डोळे करून आमच्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

रूपा तिच्यासमोर जाऊन बसली. पदराने तोंड पुसलं. "समे, तू लहान व्हती तवय भलती बिमार व्हती. तू वाळी राहिनी व्हती, माले दिसत व्हतं. मी ध्यान दिन्हं नही. मन्ही चूक झायी. माले माफ करशी का?"

समीक्षाने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. हलव्याचं बोट तोंडात घातलं आणि काढलं.

"नही," ती म्हणाली.

अगं पोरी, काय बोललीस! मी उठणार होतो, नानांनी माझं मनगट धरून ठेवलं. रूपाचा चेहरा पांढरा पडला. पण ती हलली नाही. पुन्हा म्हणाली, "माले माफ कर ना, माय."

"नही," समीक्षा म्हणाली. या वेळी तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि डाव्या हाताची दोन बोटं आईला दिसतील अशी वर धरली होती.

नानांच्या घशातून एक आवाज निघाला. मला मेल्याला अजून कळलं नव्हतं. रूपाने ती दोन बोटं बघितली. तिने तिसऱ्यांदा विचारलं, विचारताना ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती, शब्द नीट निघत नव्हते.

समीक्षाने तिसरं बोट वर केलं, डबा टाकला आणि आईच्या गळ्यात पडली. "हां! आते हां! तीनदा झायं!"

रूपाने तिला अशी काही आवळली की पोर "सोड ना वं" म्हणून ओरडली. नाना माझं मनगट सोडायला विसरले होते, आणि त्यांची दाढी ओली झाली होती. मी काय सांगू माझं, साठीला आलेला टेम्पोवाला, त्या ओट्यावर बसून पोरासारखा हुंदके देत होतो. आणि समीक्षा आईच्या खांद्यावरून आम्हा दोघांना दटावत होती, की रडता कशाला, मी हां म्हटलं ना आता.